संख्याशास्त्राचे आचार्य : राजचंद्र बोस

२६ एप्रिल १९५९ हा रविवार होता. त्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर एका गणिती शोधाची वार्ता झळकली. अठराव्या शतकातील थोर गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये वर्तविलेला आणि पावणेदोनशे वर्षे अबाधित राहिलेला एक तर्क तीन गणितज्ञांनी खोटा ठरविला होता. त्यांपैकी अर्नेस्ट पार्कर हे अमेरिकन. उरलेले दोघे भारतीय, आणि दोघेही आजच्या मध्य प्रदेशात जन्मलेले : एक होशंगाबादचे राजचंद्र बोस आणि दुसरे सागरचे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. या दोघांमध्ये नाते होते ते गुरुशिष्याचे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत पोचलेल्या या विजयामागे अध्यापन, चिंतन आणि संशोधन यांची जवळजवळ तीन दशकांची तपश्चर्या होती.

राजचंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी नर्मदाकाठच्या होशंगाबाद येथे झाला. हे गाव आज नर्मदापुरम् म्हणून ओळखले जाते. वडील व्यवसायाने डॉक्टर होते. पुढे कुटुंब पंजाबातील रोहतक येथे स्थिरावले आणि राजचंद्रांचे बालपण तेथेच गेले. घर बंगाली, प्रांत पंजाबी आणि शाळेतील सहाध्यायी निरनिराळ्या भाषांचे, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. पाच भावंडांत तो थोरला. वडिलांची शिस्त कडक होती आणि मुलाने प्रत्येक विषयात पहिलेच यावे असा त्यांचा आग्रह असे. मुलाची स्मरणशक्तीही त्या आग्रहाला पुरून उरणारी होती. शालेय शिक्षण संपवून तो दिल्लीच्या हिंदू कॉलेजात दाखल झाला.

तोच घरावर आघात झाला. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर थैमान घातले. महाराष्ट्रात जिला मानमोडीची साथ म्हणत, त्याच साथीने राजचंद्रांची आई ओढून नेली. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने वडीलही गेले. अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याच्या शिरावर धाकट्या भावंडांचा भार येऊन पडला. शिकवण्या करून, शिष्यवृत्त्या मिळवून त्यांनी शिक्षण चालू ठेवले. पुढे आयुष्यभर ज्यांनी शिकविण्याचाच व्यवसाय केला, त्या बोस यांच्या हातून अध्यापनाचा आरंभ असा पोटासाठी झाला.

दिल्लीतील शिक्षणानंतर त्यांनी कलकत्त्याची वाट धरली आणि १९२७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची शुद्ध गणितातील पदव्युत्तर परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. तेथे त्यांना प्राध्यापक श्यामादास मुखोपाध्याय यांचा सहवास लाभला. बंदिस्त बहिर्वक्र वक्ररेषेवर वक्रतेची किमान चार टोके असलीच पाहिजेत, हा सिद्धान्त मुखोपाध्याय यांनी १९०९ साली मांडला होता. अशा गुरूच्या हाताखाली बोस यांची भूमिती घडली. १९३० मध्ये ते कलकत्त्याच्या आशुतोष कॉलेजात अध्यापक झाले. वर्ग घेऊन उरलेल्या वेळात ते वक्ररेषांच्या भूमितीवर लेख लिहीत. संख्याशास्त्राशी त्यांचा तोवर काडीचाही संबंध नव्हता.

तो संबंध जुळवून आणला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९३१ च्या डिसेंबरात त्यांनी त्याच कॉलेजातील एका प्रयोगशाळेच्या आश्रयाने भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना केली होती. पिके, पूर, मानवी देहाची मोजमापे असे नाना विषय त्यांच्यासमोर होते. आकडेमोड करणारी माणसेही होती. परंतु त्या आकड्यांमागील गणित सिद्ध करून देणारा समर्थ गणितज्ञ हवा होता. बोस यांचे भूमितीवरील लेख त्यांच्या पाहण्यात आले आणि १९३२ च्या डिसेंबरात त्यांनी बोस यांना संस्थेत अर्धवेळ काम देऊ केले. आपल्याला संख्याशास्त्र फारसे येत नाही, असे बोस यांनी प्रांजळपणे सांगितले. महालनोबिस यांनी त्यावर उपाय योजला. बोस कामावर रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मेजावर बायोमेट्रिका या नियतकालिकाचे सारे खंड, वाचावयाच्या पन्नास शोधनिबंधांची यादी आणि रोनाल्ड फिशर यांचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ येऊन पडला. एवढे आत्मसात केले की तूर्त पुरे, असा निरोप होता.

एकतिसाव्या वर्षी एका नव्या शास्त्राची मुळाक्षरे गिरवावयाची, आणि तीही दुसऱ्या विषयात नाव मिळू लागले असताना, हे सोपे नव्हे. बोस यांनी ते केले. कॉलेजची नोकरी सांभाळून त्यांनी हा अभ्यास पुरा केला आणि १९३५ मध्ये ते संस्थेचे पूर्णवेळ सदस्य झाले. याच सुमारास समरेंद्रनाथ रॉय हे दुसरे बुद्धिमान गणितज्ञ संस्थेत आले. दोन मानवसमूहांतील अंतर अनेक मोजमापांच्या आधारे ठरविण्याचे एक माप महालनोबिस यांनी सुचविले होते. त्या मापाचे गणिती वर्तन कसे असते, याचा उलगडा बोस आणि रॉय यांनी केला. त्या कामी बोस यांना भूमितीच उपयोगी पडली. आकड्यांच्या रकान्यांत ते अनेक मितींच्या अवकाशातील बिंदू पाहत. जुनी विद्या टाकून न देता तिच्यासह नव्या विद्येच्या प्रांतात शिरावयाचे, ही त्यांची पद्धत येथे प्रथम दिसली आणि अखेरपर्यंत टिकली.

पुढील वळण दोन पाहुण्यांमुळे आले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले बीजगणितज्ञ फ्रीडरिख लेव्ही कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. आधुनिक बीजगणिताचे पाठ बोस यांनी त्यांच्याकडून घेतले. अध्यापक झालेला हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. त्यानंतर १९३७–३८ च्या हिवाळ्यात खुद्द फिशर भारतात आले आणि त्यांनी शेतीवरील प्रयोगांच्या आखणीचे प्रश्न संस्थेतील मंडळींपुढे मांडले.

हे प्रश्न नेमके कोणते, ते समजून घेतल्याखेरीज बोस यांच्या कार्याची थोरवी ध्यानात येणार नाही. तीन खतांची परीक्षा घ्यावयाची आहे असे समजू. शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा निकस. एका अंगाला ओल अधिक, दुसऱ्या अंगाला कमी. एखादे खत नेमके कसदार भागात पडले तर यश खताचे की जमिनीचे, हे कळावयाचे कसे? म्हणून शेताचे नऊ वाफे पाडावयाचे आणि क, ख, ग ही खते अशी घालावयाची की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या स्तंभात प्रत्येक खत एकदाच येईल. पहिली ओळ क ख ग, दुसरी ख ग क, तिसरी ग क ख. यास लॅटिन चौरस म्हणतात. आता खतांबरोबर बियाण्याचे तीन वाणही तपासावयाचे असतील, तर त्याच वाफ्यांवर १, २, ३ या अंकांचा दुसरा चौरस बसवावयाचा : पहिली ओळ १ २ ३, दुसरी ३ १ २, तिसरी २ ३ १. दोन्ही एकावर एक ठेवले की क१, ख२, ग३. ख३, ग१, क२. ग२, क३, ख१ अशा नऊ जोड्या मिळतात आणि त्यांतील एकही दुसऱ्यांदा येत नाही. प्रत्येक खताला प्रत्येक वाण भेटतो, तोही एकदाच. अशा दोन चौरसांना परस्पर-लंब म्हणतात.

चौरस मोठा होत जातो तसा प्रश्न बिकट होतो. चौरसाची बाजू मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा घात असेल, तर असे परस्पर-लंब चौरस जास्तीत जास्त जितके शक्य तितके सारे मिळावेत, असा फिशर यांचा अंदाज होता. सिद्धता मात्र हाती नव्हती. बोस यांनी ती दिली. लेव्ही यांच्याकडून शिकलेली गाल्वा क्षेत्रे, म्हणजे मोजक्याच संख्यांची पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चारही क्रियांना पुरी पडणारी विश्वे, त्यांनी शेताच्या वाफ्यांवर आणून बसविली. १९३८ मध्ये संस्थेच्या संख्या या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी केवळ समीकरणांच्या सोडवणुकीसाठी जन्मलेले बीजगणित आता भाताच्या शेतीला उपयोगी पडू लागले.

लगेच १९३९ मध्ये त्यांचा दुसरा मोठा निबंध आला. त्याचा विषय संतुलित अपूर्ण खंडांचे आराखडे हा होय. सात वाण तपासावयाचे आहेत, पण एकसारख्या जमिनीच्या एका तुकड्यात तीनच मावतात. मग सात तुकडे घेऊन त्यांत १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३ अशी मांडणी केली की कोणतेही दोन वाण नेमके एकदा एका तुकड्यात येतात आणि सर्वांची तुलना न्यायाने होते. अशा मांडण्या तोवर अनेकदा चाचपडत शोधल्या जात. बोस यांनी त्या रचण्याचे पद्धतशीर नियम दिले. त्यांच्या या कार्यातून प्रयोगांच्या आखणीला गणिताची भक्कम बैठक मिळाली. त्याच वर्षी के. आर. नायर यांच्यासमवेत त्यांनी अंशतः संतुलित आराखड्यांची कल्पना मांडून या नियमांचा विस्तार केला.

१९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सुरू केला. देशातील असा हा पहिलाच विभाग. पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. जे शिकवावयाचे ते पुष्कळदा नुकतेच सिद्ध झालेले, काही तर शिकविणाऱ्यांनीच सिद्ध केलेले. बोस यांच्यासमोर बसलेल्या पहिल्या तुकडीत सी. आर. राव आणि हरिकिंकर नंदी हे विद्यार्थी होते. राव पुढे जगातील अग्रगण्य संख्याशास्त्रज्ञ झाले. त्यांच्या आरंभीच्या संशोधनाची पाळेमुळे बोस यांनी शिकविलेल्या सांत भूमितीत सापडतात. १९४५ मध्ये बोस विभागप्रमुख झाले.

येथे एक विलक्षण योग जुळून आला. इतरांना संशोधनाची दीक्षा देणाऱ्या या प्राध्यापकाजवळ स्वतःची डॉक्टरेट नव्हती. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ती आवश्यक असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी आपले प्रसिद्ध झालेले निबंध एकत्र करून कलकत्ता विद्यापीठास सादर केले आणि १९४७ मध्ये त्यांना डी. लिट. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते पाहुणे प्राध्यापक म्हणून कोलंबिया आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांत गेले. परतीच्या वेळी त्यांच्यापुढे कठीण निवड उभी राहिली. मायदेशात मानाची पदे होती, पण त्यांबरोबर कारभाराचे मोठे ओझे येत होते. फायली आणि बैठका यांत संशोधन संपुष्टात येईल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. दुसरीकडे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला अशा माणसांचीच गरज होती. बोस यांनी संशोधनाची बाजू घेतली आणि मार्च १९४९ मध्ये चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारले. या निर्णयाने देशाचे नुकसान झाले, हे खरेच. परंतु देशाशी असलेला धागा तुटला नाही. तो त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रूपाने टिकून राहिला.

त्यांत अग्रभागी होते शरच्चंद्र श्रीखंडे. सागर येथे १९१७ साली मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या श्रीखंडे यांनी १९५० मध्ये चॅपेल हिल येथे बोस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली आणि ते नागपूरला अध्यापनासाठी परतले. काही वर्षांनी ते पुन्हा गुरूकडे गेले, ते मात्र सहकारी म्हणून. दोघांनी हात घातला तो थेट ऑयलर यांच्या तर्काला.

ऑयलर यांचा प्रश्न सैनिकी पेहरावात आला होता. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचा प्रत्येकी एक असे छत्तीस अधिकारी घेऊन त्यांना चौरसात असे उभे करता येईल काय, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल? ऑयलर यांना ते जमले नाही. त्यावरून त्यांनी तर्क केला की सहाच नव्हे, तर दहा, चौदा, अठरा अशा, चाराने भागल्यास दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी हे अशक्य आहे. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या हौशी फ्रेंच गणितज्ञाने सहाच्या बाबतीत सर्व शक्यता हाताने तपासून ऑयलर यांना दुजोरा दिला. दहासाठी मात्र शक्यता इतक्या अफाट की त्या काळच्या संगणकाला राबवूनही हाती काही लागले नाही. तर्क खराच असावा, असे बहुतेकांनी धरून चालविले होते.

पहिली चीर पार्कर यांनी पाडली. याच विषयातील एक जोडतर्क त्यांनी एकवीस बाजूच्या चौरसाच्या आधारे खोटा ठरविला. ते पाहून बोस आणि श्रीखंडे यांनी आपली आराखड्यांची विद्या पणाला लावली आणि बावीस बाजूचे दोन परस्पर-लंब चौरस रचून दाखविले. त्यामागील युक्ती शाळकरी मुलींच्या एका जुन्या कोड्यातून आली. पंधरा मुली सात दिवस तीन-तीनच्या रांगांनी फिरावयास जातात. कोणत्याही दोघी एका रांगेत एकदाच याव्यात, हे कर्कमन या इंग्रज धर्मोपदेशकाचे १८५० चे कोडे. प्रत्येक दिवसाला एक नवी मुलगी नेमून तिला त्या दिवसाच्या पाचही रांगांत घातले की चार-चार जणींचे गट होतात. सात नव्या मुलींचा आणखी एक गट केला की बावीस जणींतील प्रत्येक जोडी नेमकी एकदा एकत्र येते. चार आणि सात या बाजूंचे परस्पर-लंब चौरस पूर्वीपासून ठाऊक होते. या गटांवर ते बसविताच बावीसचे चौरस सिद्ध झाले. एवढ्यात पार्कर यांनी दहा बाजूचे चौरस रचले. अशा वेळी श्रेयासाठी चढाओढ लागणे स्वाभाविक होते. त्याऐवजी तिघे एकत्र आले आणि दोन व सहा वगळता प्रत्येक बाजूचे असे चौरस अस्तित्वात आहेत, हे त्यांनी मिळून सिद्ध केले. तो संयुक्त निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास बोस यांच्या दुसऱ्या एका शिष्यासमवेत केलेले काम तर आज घराघरांत पोचले आहे. द्विजेंद्र रॉय-चौधुरी हे १९५९ मध्ये त्यांच्याकडे डॉक्टर झाले. १९६० मध्ये या दोघांनी, संदेश पाठविताना वाटेत झालेल्या चुका ओळखून आपोआप दुरुस्त करता येतील अशा संकेतांची एक मोठी जातकुळी मांडली. फ्रान्समधील ओकेंगेम यांनीही ती वर्षभर आधी स्वतंत्रपणे शोधली होती. म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला बीसीएच संकेत असे नाव पडले. शेताच्या वाफ्यांसाठी वापरलेली गाल्वा क्षेत्रेच येथे पुन्हा कामी आली. उपग्रहांचे संदेशवहन, संगणकीय स्मृती यांत या संकेतांचा उपयोग होतो. भाजीवाल्याच्या गाडीवरील क्यूआर कोडचा प्रकार कोणता, हे सांगणारे चिमुकले ठिपकेही याच कुळातील एका संकेताने राखलेले असतात.

बोस यांची गुरू म्हणून थोरवी त्यांच्या निबंधांच्या शीर्षभागीच दिसते. त्यांच्या नावाशेजारी सतत एखाद्या तरुणाचे नाव आहे : बुश, शिमामोटो, मेसनर, श्रीखंडे, रॉय-चौधुरी. शिष्याला आपल्या कामाचा तुकडा तोडून देण्यापेक्षा ते त्याला आपल्याच शोधयात्रेत सोबती करून घेत. त्यामुळे शिष्य पुढे स्वतःच्या वाटा काढू शकले. मेसनर यांच्यासह रचलेले बीजगणित आज दोघांच्या नावाने ओळखले जाते. रॉय-चौधुरी यांनी पुढे विल्सन यांच्यासमवेत कर्कमनच्या कोड्याचा सर्वसाधारण प्रश्नच सोडविला. श्रीखंडे भारतात परतले, १९६३ पासून मुंबई विद्यापीठातील गणित विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि तेथे या विद्येची परंपरा रुजविली. कारभाराच्या भीतीने गुरूने जी भूमी सोडली, तीवर शिष्याने परत येऊन पेरणी केली. शंभरी ओलांडून २०२० मध्ये श्रीखंडे निवर्तले.

सत्तराव्या वर्षी, १९७१ मध्ये, बोस चॅपेल हिल येथून निवृत्त झाले. पण अध्यापनातून नव्हे. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र या दोन्ही विभागांचे प्राध्यापक म्हणून त्यांनी आणखी नऊ वर्षे काम केले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना लाभले. त्यांनी बेनेट मॅन्वेल यांच्यासमवेत लिहिलेले चयनगणिताचे प्रवेशपुस्तक १९८४ मध्ये निघाले. जगन्मान्यता मिळविल्यानंतर त्र्याऐंशीव्या वर्षी या आचार्याने नवशिक्यांसाठी पुस्तक द्यावे, हे त्यांच्या वृत्तीला साजेसेच झाले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले.

पोरकेपणात शिकवण्या करून शिकणारा मुलगा, एकतिसाव्या वर्षी पन्नास निबंधांची यादी घेऊन बसणारा अध्यापक, प्राध्यापक असूनही लेव्हींच्या पाठांना हजर राहणारा विद्यार्थी आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिष्याच्या बरोबरीने ऑयलरशी झुंजणारा संशोधक, या चारही अवस्थांत एकच माणूस दिसतो. त्याने शिकणे आणि शिकविणे यांत कधी भिंत उभी केली नाही. विद्यालये उभी राहतात ती अशाच माणसांच्या बळावर. ज्या चौरसांना ऑयलरनी अशक्य म्हटले ते बोस यांनी रचून दाखविले. पण त्यांची सर्वांत टिकाऊ रचना म्हणजे कलकत्त्यापासून चॅपेल हिलपर्यंत आणि तेथून पुन्हा नागपूर-मुंबईपर्यंत पसरलेली त्यांची शिष्यपरंपरा होय.